शाळेसाठी बिऱ्हाड हलवावे काय ?

मृगाचा पाऊस पडून शेतात तिफण फिरू लागते, त्याच सुमारास शाळाही उघडतात. ह्या दिवसांत तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक दृश्य हटकून दिसते. एखाद्या लहानशा टेम्पोत दोन गाद्या, पाण्याचा हंडा, गॅसची शेगडी, ज्वारीचे पोते आणि पुस्तकांनी भरलेली पत्र्याची पेटी रचलेली असते. पोत्याला टेकून आई बसलेली असते. तिच्याजवळ दोन मुले असतात. बाप बहुधा गाडीत नसतो. असलाच, तर सामान उतरवून देऊन संध्याकाळच्या एसटीने परत फिरण्याच्या बेताने आलेला असतो. कारण गावाकडे पेरणी खोळंबलेली असते. हे बिऱ्हाड दुष्काळाने हललेले नाही, कर्जाने हललेले नाही. मुलांना चांगली शाळा मिळावी, एवढ्यासाठीच ते गाव सोडून निघाले आहे.

१९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील दर १०० माणसांपैकी सुमारे २८ माणसे शहरांत राहत होती. २०११ च्या जनगणनेत ही संख्या ४५ वर गेली. ही सगळी वाढ शाळांमुळे झाली असे अर्थातच कोणी म्हणणार नाही. पोटासाठी शहर गाठणारे पुष्कळ. शिवाय काही खेडीच वाढत वाढत शहरे बनली. तथापि “मुलांच्या शिक्षणासाठी आलो” हे उत्तर आज शहरांच्या नव्या वस्त्यांतून जितक्या वेळा ऐकू येते, तितके ते पूर्वी ऐकू येत नसे. म्हणून ह्या गोष्टीचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे. तो केवळ आईबापांनी करावा असेही नाही. ज्यांच्यासाठी घर हलते, त्या मुलामुलींनीही तो करायला हवा.

विद्येसाठी घर सोडणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. कोकणातील मुरूड गावचा धोंडो केशव कर्वे हा मुलगा १८७५ साली परीक्षेला बसण्यासाठी साताऱ्यास निघाला, तेव्हा वाहन परवडण्याजोगे नव्हते. सोबत्यांबरोबर सह्याद्रीचा घाट चढून, पावसापाण्यातून सुमारे ११० मैल चालत तो साताऱ्यास पोहोचला. शरीराने तो लहानखुरा होता. परीक्षेसाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. ती झालेली दिसत नाहीत, असे ठरवून परीक्षकांनी त्याला बसूच दिले नाही आणि आल्या पावली त्याला परतावे लागले. हाच मुलगा पुढे महर्षी कर्वे म्हणून विख्यात झाला. पुण्यात शिकायला येणारे कित्येक गरीब विद्यार्थी त्या काळी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वारांचे सात उंबरठे त्यांनी बांधून घेतलेले असत. एखाद्या घरचा वार अकस्मात सुटला, की त्या दिवशी पोटाला चिमटा. आणि हे उंबरठेही सर्वांना मोकळे नव्हते. विशिष्ट जातीत जन्मलेल्या मुलालाच वार मिळत. इतरांनी शिकायला यावे आणि जेवावे कोठे, हा प्रश्न तसाच राही.

पुढे १९४८ साली पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि काही वर्षांतच तिने खेड्यापाड्यांना तालुक्याच्या गावाशी जोडले. त्यानंतरच्या पिढ्यांच्या आठवणीत एसटीने येणारा डबा पक्का बसलेला आहे. तालुक्याला खोली घेऊन राहणाऱ्या मुलाची आई पहाटे उठून भाकऱ्या थापी, डब्याला फडके बांधी आणि सकाळच्या गाडीच्या वाहकाजवळ तो डबा देई. मुलगा स्थानकावर उभा राहून डब्याची वाट पाही. गाडी चुकली तर उपास, आणि डब्यातील कालवण सांडले तर कोरडी भाकरी.

ह्या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. घराबाहेर पडले ते मूल; चूल गावातच राहिली. आजचा बदल नेमका येथे आहे. पूर्वी मराठी सातवी किंवा मॅट्रिक झाल्यावर मुलगा बाहेर पडे. आता पहिलीपासून, कित्येकदा त्याच्याही आधी, इंग्रजी माध्यमाची शाळा हवी असे वाटू लागले आहे. पाच वर्षांचे मूल एकटे ठेवता येत नाही. तेव्हा त्याच्याबरोबर चूलही चालू लागते. दुसरे निमित्त दहावीनंतरच्या प्रवेशपरीक्षांचे. लातूर शहर हे त्याचे ठळक उदाहरण होय. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांकडून कसून अभ्यास करून घेण्याची तेथील महाविद्यालयांची रीत ‘लातूर पॅटर्न’ ह्या नावाने सर्वत्र माहीत आहे. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी मराठवाड्यातूनच नव्हे, तर दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुले तेथे येतात, आणि पुष्कळांच्या मागोमाग त्यांच्या आया येतात. शिकवणी वर्गांच्या आसपासच्या गल्ल्यांतून दारादारावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या असतात. एका खोलीत पडदा लावून अलीकडे स्वयंपाक आणि पलीकडे अभ्यास चालतो. आई दोन वेळा रांधते, मुलगा पहाटे उठतो की नाही ते पाहते, आणि उरलेला सारा दिवस त्या परक्या गल्लीत बसून काढते.

ह्या खोलीची किंमत केवळ भाड्याच्या रुपयांत मोजता येत नाही. आई गेली की गोठ्यातील म्हैस विकावी लागते, कारण धार काढायला कोणी उरत नाही. म्हैस गेली की दुधाचा रोजचा पैसा बंद होतो, आणि नेमका त्याच वेळी भाड्याचा खर्च सुरू होतो. शेताला वीज रात्री मिळते; बाप रात्री पाणी देऊन सकाळी घरी येतो, तो थंड चुलीपाशी. म्हातारे आजीआजोबा आपापले रांधून खातात. जेथे बापही निघून येतो, तेथे जमीन बटाईने दिली जाते आणि गावात ज्याला चार माणसे मान देत होती, तो शहरात एखाद्या इमारतीच्या दाराशी पहारेकरी म्हणून उभा राहतो. हे काम हलके आहे असे नाही. परंतु अशा घरात “आम्ही हे सगळे तुझ्यासाठी सोडले” हे वाक्य उच्चारले गेले नाही, तरी मुलाला ते ऐकू येत असते. परीक्षेत दहा गुण कमी पडले तर बापाची म्हैस, आईचे घर, आजीची सोबत हे सारे आपण वाया घालवले असे त्याला वाटते. चौदा-पंधरा वर्षांच्या खांद्यांवर इतके ओझे देणे बरे नव्हे.

असे असले तरी बिऱ्हाड हलविणाऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे, हेही पाहिले पाहिजे. शहरात पक्क्या घरात राहून, आपली मुले उत्तम शाळेत घालून, खेड्यातील लोकांना ‘खेडे सोडू नका’ असा उपदेश करणारे लोक पुष्कळ भेटतात. झाडाखालची शाळा, नदीचे पाणी, पाखरांचा किलबिलाट ह्यांची वर्णने ते मोठ्या हौसेने करतात. ज्या शाळेत एकच शिक्षक चार इयत्ता एका खोलीत बसवून शिकवतो, आणि तोही निम्मे दिवस सरकारी नोंदी भरण्यात गुंतलेला असतो, तिच्यात आपले मूल त्यांनी एक वर्ष बसवून पाहावे !

शिवाय खेडे हे सर्वांना सारखेच मायेचे कधीच नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. साताऱ्याच्या शाळेत असताना त्यांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नसे. शाळेच्या शिपायाने नळ सोडला तर पाणी, एरवी तहानलेलेच राहायचे. त्यांचे वडील रामजी सुभेदार ह्यांनी पुढे मुंबईस बिऱ्हाड हलविले. परळच्या चाळीतील एक खोली, हेच त्यांचे स्वयंपाकघर, झोपण्याची जागा आणि अभ्यासिका. जागा अपुरी म्हणून मुलाने आधी झोपावे आणि पहाटे दोनच्या सुमारास वडिलांनी त्याला अभ्यासाला उठवावे, असा क्रम त्या खोलीत चाले. एल्फिन्स्टन हायस्कुलातही भेदभाव पुरता सुटला नव्हता. तरीसुद्धा १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, आणि त्या काळी त्यांच्या समाजातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण होणे ही एवढी मोठी गोष्ट होती की तिच्याबद्दल सत्कारसभा भरली. त्या सभेतच कृष्णराव अर्जुन केळुसकर ह्यांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. रामजींनी लहान गावाचा आश्रय धरून राहायला हवे होते, असे आज कोण म्हणेल ? पुढे १९४८ साली संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी खेड्यांविषयी अत्यंत कठोर शब्द वापरले. खेड्याची थोरवी गाणाऱ्या अनेकांना ते रुचले नाहीत. पण ते शब्द ज्या अनुभवातून आले, तो अनुभव खोटा नव्हता.

मुलींच्या बाबतीतही असाच एक विचार मनात येतो. घरातील एकाच मुलाला बाहेर ठेवून शिकवायचे ठरले, की तो मुलगा असतो. मुलीची शाळा गावात आहे तेवढ्या इयत्तेपाशी थांबते. पुढची शाळा चार कोस दूर असेल, तर ती घरी बसते. परंतु सगळे घरच शहरात आले, की शाळा गल्लीच्या टोकाला असते आणि भावाच्या निमित्ताने बहीणही शिकते. बिऱ्हाड हलविण्याच्या बाजूने मांडण्याजोगा ह्याहून मोठा मुद्दा दुसरा क्वचितच असेल. त्यावर उपाय म्हणून महाराष्ट्रात पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यायेण्यासाठी एसटीचा विनामूल्य पास देण्यात येतो, आणि मागास तालुक्यांतून मुलींना सायकलीही दिल्या जातात. जेथे गाडी वेळेवर येते तेथे ह्या पासाने मुलींचे शिक्षण खरोखरच वाचवले आहे. जेथे गाडी येत नाही, तेथे पास दप्तरातच राहतो.

आता गाव सोडून गेलेल्यांच्या मागे काय उरते ते पाहू. बिऱ्हाड हलविण्याची ऐपत गावातील सर्वांना नसते. ज्याच्याजवळ थोडी जमीन आहे, नोकरीवाला एखादा भाऊ आहे, ज्याला शिक्षणाची चाड आहे, तोच निघून जातो. म्हणजे शाळेत शिक्षक वेळेवर आले नाहीत तर जाब विचारणारा, गळक्या छपरासाठी पंचायतीत हेलपाटे घालणारा पालकच आधी गावातून नाहीसा होतो. सरकारी नियमाप्रमाणे शाळेतील शिक्षकांची संख्या पटावरील मुलांच्या संख्येवरून ठरते. पहिली ते पाचवीच्या वर्गांना साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. पट घसरला की शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले की शिकवणे खालावते, आणि शिकवणे खालावले की आणखी दोन घरे टेम्पो बोलावतात. वीसपेक्षा कमी मुले असलेल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवाव्यात, असा विचार राज्यात २०२३ पासून जोराने पुढे आला आहे. मोठ्या शाळेत ग्रंथालय असेल, खेळाचे मैदान असेल, हे खरे. परंतु डोंगरातील पाड्यावरच्या सहा वर्षांच्या मुलीला तेथवर रोज कोण पोहोचवणार? जाणाऱ्या घराचा निर्णय असा न जाणाऱ्या घराच्या मुलावर जाऊन पडतो. निर्णय घेणाऱ्याच्या मनात हे पाप नसते. तो आपल्या मुलाचे पाहत असतो. पण परिणाम व्हायचा तो होतोच.

आणि बिऱ्हाड हलल्यामुळे ज्यांची शाळा मिळण्याऐवजी सुटते, अशीही मुले आपल्याच राज्यात आहेत. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगारांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मानला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडल्यावाचून सुटका नसते. गाळपाचा हंगाम चार-पाच महिने चालतो. तेवढ्या काळात मुले फडाच्या कडेला पालात राहतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात, वाढे गोळा करतात. वर्ष संपताना गावी परतली की पाढे विसरलेली असतात. त्यांच्यासाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. पुढे अधिक शहाणपणाची गोष्ट म्हणून गावोगाव हंगामी वसतिगृहे सुरू करण्यात आली. आईबाप फडावर गेले तरी मूल आजीजवळ गावातच राहते, आपल्याच शाळेत जाते आणि दोन वेळचे जेवण त्याला वसतिगृहातून मिळते. ह्या मुलांच्या दृष्टीने पाहिले, तर गावात राहायला मिळणे हीच मोठी भाग्याची गोष्ट ठरते.

वसतिगृह हा शब्द येथे आलाच आहे, तर त्याचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे. कारण आपल्या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच शोधून ठेवले आहे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या लक्षात आले की राजधानीत शाळा-महाविद्यालये असूनही खेड्यातील मुले तेथे येत नाहीत, कारण राहायला जागा नाही. त्यांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि त्यानंतरच्या वर्षांत जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या जाती, अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहे उभी केली. त्या वेळी एका पंगतीला सर्वांना बसविणे शक्य नव्हते, म्हणून ती वेगवेगळी काढावी लागली. वसतिगृहे काढूनही ते थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम काढला. म्हणजे थोरल्या मुलासाठी शहरात छप्पर आणि धाकट्यासाठी गावात शाळा, अशी ही दुहेरी योजना होती.

ह्याच कामाला कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी सर्वस्व दिले. त्यांचा जन्म १८८७ साली कोल्हापूर भागातील कुंभोज येथे झाला. १९१९ साली कराडजवळील काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. ह्या वसतिगृहात वेगवेगळ्या पंगती नव्हत्या. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकाच चुलीवरचे जेवत आणि स्वयंपाकही आपणच करीत. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते ह्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. पैशाची तंगी नित्याचीच असे. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी आपले दागिने विकले, आणि शेवटी मंगळसूत्रही ठेवले नाही. मुलेही फुकट जेवत नव्हती. ती शेतात खपत, दगड फोडत, विहिरी खणत. ‘कमवा आणि शिका’ ही भाऊरावांची योजना अशा घामातून उभी राहिली. खेड्यातील बापाला ह्यासाठी म्हैस विकावी लागत नव्हती, की आईला परक्या गल्लीत बसून राहावे लागत नव्हते.

वसतिगृहावर भाऊरावांचे समाधान झाले असते, तर त्यांचे काम निम्मेच राहिले असते. शंभर मुलांपैकी साताऱ्यास येणार दोन किंवा चार. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. म्हणून त्यांनी वाड्यावस्त्यांवर प्राथमिक शाळा काढल्या, आणि पुढे ग्रामीण भागात माध्यमिक शाळांचे जाळे पसरले. गावकऱ्यांनी जागा द्यावी, भिंती उभारण्यास हात लावावा आणि संस्थेने शिक्षक द्यावा, अशा पद्धतीने अनेक शाळा उभ्या राहिल्या. १९५९ साली भाऊराव निवर्तले, तेव्हा महाराष्ट्रातील हजारो घरांतून पहिली शिकलेली पिढी बाहेर पडली होती आणि त्या घरांपैकी बहुतेकांची चूल आपल्या जागेवरून हललेली नव्हती.

त्यानंतर शासनानेही ह्या दोन्ही वाटांनी पुष्कळ केले. प्रत्येक जिल्ह्यात समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत, आदिवासी भागात आश्रमशाळा आहेत. ग्रामीण मुलांसाठी निवासी नवोदय विद्यालये निघाली. देशातील अगदी पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक अमरावतीचे होते. त्यांतील निदान तीनचतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी राखलेल्या असतात. सगळीच वसतिगृहे चांगली चालतात असे म्हणणे धाडसाचे होईल. गळकी छपरे, बेचव जेवण आणि अपुरे लक्ष ह्यांच्या तक्रारी नेहमी ऐकू येतात, आणि आपले लेकरू तेथे ठेवायला आई का कचरते, हे त्यावरून समजते. गावची शाळा मात्र मनावर घेतले तर किती बदलू शकते, ह्याची उदाहरणे आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी ह्या लहानशा गावी रणजितसिंह डिसले हे शिक्षक गेले, तेव्हा शाळेच्या जागेची कळा गुरांच्या गोठ्यासारखी होती. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, दूरदेशीच्या वर्गांशी आपल्या मुलांचा संवाद घडविला आणि मुलींच्या शिक्षणासाठी घरोघर पालकांची मने वळविली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि दहा लाख डॉलरांच्या त्या बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. एका गावाचे नशीब एका शिक्षकावर अवलंबून राहावे, ही मात्र काही आनंदाची स्थिती नव्हे.

तर मग बिऱ्हाड हलवावे की न हलवावे ? माझे मत विचाराल तर सातवीपर्यंतच्या मुलासाठी, गावची शाळा कामचलाऊ असली तरीसुद्धा, सगळे घर उठवून शहरात नेऊ नये. ह्या वयात मूल जे शिकते त्यातील निम्मे शाळेबाहेरचे असते. घरात बोलली जाणारी अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी, आजीच्या गोष्टी, बैल कसा धरावा, पाऊस कोणत्या अंगाने येतो, हे सारे त्याच्या बुद्धीचे भांडवल असते. शहरातील शाळेत पहिल्याच दिवशी त्याच्या बोलण्याला मुले हसतात, आणि हुशार मूल वर्षभर मुके होऊन बसते, असे पुष्कळदा घडते. जी भाषा घरी कोणाला येत नाही तिच्यातून पहिलीतील बेरीज शिकवल्याने गणित सुधारते, ही समजूत तर अगदीच निराधार आहे. सातवी-आठवीनंतर, गावात किंवा जवळपास पुढची सोय नसेल तर, मुलाने किंवा मुलीने खुशाल बाहेर पडावे. पण त्याने जावे, त्याच्यामागे चूल जाऊ नये. त्यासाठी वसतिगृहे चांगली असली पाहिजेत आणि मुलींसाठी ती आधी झाली पाहिजेत. लातूरच्या खोलीत बसलेल्या आईची दोन वर्षे वाचवायची तर तिला उपदेश करून भागणार नाही. तिचा विश्वास बसेल अशी स्वच्छ, सुरक्षित जागा तिच्या मुलाला द्यावी लागेल.

ह्याला अपवाद आहेत, आणि ते लहान नाहीत. ज्या गावात मुलाला त्याच्या जातीमुळे मान खाली घालावी लागते, ज्या घराला गावात ना जमीन आहे ना काम, जेथे आठवीनंतर मुलीचे लग्न उरकण्याची घाई आहे, त्या घराने शहराची वाट धरली तर ती शाळेसाठी आणि माणूस म्हणून जगण्यासाठी धरलेली वाट असते. तिच्यावर गाव राखण्याची जबाबदारी टाकणे अन्यायाचे होईल.

उरलेल्यांनी, म्हणजे ज्यांच्यापाशी थोडी शेती आहे आणि ज्यांचे शब्द गावात ऐकले जातात त्यांनी, टेम्पो ठरवण्याआधी एक गोष्ट करून पाहावी. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती नेमणे बंधनकारक केले आहे. तिचे तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. ही समिती बहुतेक गावांत कागदावर असते. सह्या घरोघर फिरून गोळा केल्या जातात. तिच्या पुढच्या सभेला खरोखर जाऊन बसावे, शिक्षक किती आहेत, किती हवेत, पाचवीच्या मुलांना वाचता येते की नाही, हे विचारावे आणि आपल्याबरोबर शेजारच्या मजुराच्या बायकोलाही सभेला न्यावे. तिची मुलगी त्याच वर्गात आहे, आणि टेम्पो ठरवणे तिला शक्य नाही.

अभ्यास

१. पूर्वीचे विद्यार्थी शिक्षणासाठी गाव सोडत आणि आजची कुटुंबे गाव सोडतात, ह्यांत लेखकाने कोणता भेद दाखविला आहे ?

२. रामजी सुभेदारांचे उदाहरण लेखकाने कोणत्या बाजूचे म्हणून दिले आहे ? त्याच्या स्वतःच्या मताशी ते कितपत जुळते ?

३. पट घसरल्यामुळे शाळेवर होणारे परिणाम तुमच्या शब्दांत क्रमाने सांगा.

४. वाक्यांत उपयोग करा : पोटाला चिमटा बसणे, हेलपाटे घालणे, नावे ठेवणे, आल्या पावली परतणे.

५. तुमच्या वर्गातील कोणाचे घर शाळेसाठी दुसऱ्या गावाहून आले असल्यास त्याला किंवा तिला विचारून त्या घराने काय मिळविले व काय सोडले ते दहा-बारा ओळींत लिहा.